यंत्र दाखवा, मग मॅक देतो

व्हर्च्युअल मशीनला (म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकाला) ऑफिसच्या नेटवर्कात स्वतःचा आयपी पत्ता मिळावा, एवढीच माझी माफक अपेक्षा होती. अशी मशीन सांभाळणारं लिबव्हर्ट आपणहून जे नॅट देतं (म्हणजे होस्टच्या, मूळ संगणकाच्या, पत्त्याआडून बोलण्याची सोय), त्यात मशीन १९२.१६८.१२२ च्या पडद्याआड बसतं. त्याला बाहेर डोकावता येतं, पण बाहेरच्याला थेट आत जाता येत नाही. म्हणून ब्रिज, म्हणजे मशीनला बाहेरच्या नेटवर्काशी थेट जोडणारा सॉफ्टवेअरचा पूल. बीआर-झीरो नावाचा एक उभा केला, नेटवर्क कार्ड त्याला जोडलं, कार्डाचा आयपी काढून ब्रिजला दिला. (या कार्डाला पूर्वी ईथ-झीरो म्हणत. २०१३ मध्ये लिनक्समधल्या सिस्टिमडीने कार्ड कुठल्या खाचेत बसलंय त्यावरून नावं ठेवायला सुरुवात केली. तेव्हापासून ते ईएनपी-थ्री-एस-झीरो आहे आणि फोनवर कुणाला सांगायची सोय राहिलेली नाही.)

होस्ट मजेत. मशीन मात्र मुकं.

एसटीपी (पाकिटं नेटवर्कात गोल गोल फिरू नयेत म्हणून केलेली व्यवस्था) चालू असेल तर ब्रिजचं पोर्ट १५ सेकंद ऐकतं, १५ सेकंद शिकतं आणि मग कामाला लागतं, म्हणून थांबून पाहिलं. प्रोग्रॅम डबाबंद करून चालवणारा डॉकर आयपीटेबल्समधली, म्हणजे लिनक्सच्या फायरवॉलमधली, फॉरवर्डची वाट बंद करून ठेवतो आणि ब्रिजवरची पाकिटंही कधी कधी त्यातच अडकतात, म्हणून तेही तपासलं. शेवटी येणारी-जाणारी पाकिटं दाखवणारा टीसीपीडंप लावला. मशीनचा ‘कुणी आयपी देता का’ हा डीएचसीपीचा टाहो कार्डातून बाहेर पडताना स्वच्छ दिसत होता. उत्तर शून्य.

म्हणजे दोष भिंतीपलीकडे. नेटवर्क विभागात फोन केला, तर एक गृहस्थ जातीनं आले. बगलेत फाईल, हातात स्टिकरांची गुंडाळी.

‘‘एका पोर्टवर एकच मॅक चालतो. दुसरा दिसला की स्विच त्याची पाकिटं टाकून देतो,’’ ते म्हणाले. (मॅक म्हणजे नेटवर्क कार्डाचा ओळखक्रमांक आणि स्विच म्हणजे ऑफिसातल्या सगळ्या तारा जिथे जमतात ती पेटी.)

‘‘मग कळवत का नाही?’’

‘‘गुपचूप टाकतो. तशीच सेटिंग आहे.’’ यात अभिमान होता. ‘‘दुसरं यंत्र कुठंय?’’

‘‘याच्याच आत.’’

त्यांनी वाकून टेबलाखाली पाहिलं. मग संगणकाच्या डब्याच्या मागे. ‘‘आत म्हणजे?’’

‘‘व्हर्च्युअल आहे हो. ५२:५४:०० ने सुरू होणारा मॅक, तो त्याचा.’’

‘‘मॅक आहे म्हणजे यंत्र आहे. यंत्र आहे म्हणजे स्टिकर लागणार. कुठं लावू?’’

मी स्क्रीनवरची खिडकी दाखवली. थट्टा होती. त्यांनी एक स्टिकर सोलला, स्क्रीनपाशी नेला, क्षणभर खरोखर विचार केला. ‘‘खिडकी मिटली तर?’’

‘‘तर यंत्र दिसणार नाही, पण चालू राहील.’’

‘‘मग तपासणीच्या वेळी उघडी ठेवा,’’ असं बजावून त्यांनी स्टिकर डब्यावर, पहिल्या स्टिकरशेजारी चिकटवला आणि फॉर्म पुढे केला. रकाने: मजला, रंग, वजन.

‘‘आणि हे पुसून नवीन केलं तर?’’

‘‘मॅक बदलतो का?’’

‘‘बदलतो.’’

‘‘मग नवीन फॉर्म.’’

आता यांना कोण सांगणार की पुसून नवीन करता यावं म्हणूनच माणूस व्हर्च्युअल मशीन करतो! वायफायवरून ब्रिज करून पाहावा, तर तिथेही रडगाणं: ॲक्सेस पॉइंट ओळख नसलेल्या मॅकची फ्रेम घेतच नाही. मॅकव्हीटॅप (ब्रिजशिवाय मशीन थेट कार्डाला जोडण्याची युक्ती) घ्यावं, तर होस्टला स्वतःच्याच पोटातल्या मशीनशी बोलता येत नाही, आणि तरी पलीकडचा स्विच दुसरा मॅक मोजतोच. सुरक्षेचं कारण मला मान्य आहे. कुणीही स्वतःचा राउटर आणून लावू नये, ठीक. पण पाकीट टाकताना लॉगमध्ये एक ओळ लिहायला त्या स्विचचं काय जातं? माझी अख्खी दुपार त्या न लिहिलेल्या ओळीपायी गेली, आणि एसटीपीवर मी नाही नाही ते आरोप केले ते वेगळेच.

सध्या मंजूर होईल तो एकच मॅक सगळ्या मशीनच्या एक्सएमएलमध्ये, म्हणजे त्यांच्या सेटिंगच्या फाईलमध्ये, हातानं लिहून ठेवलाय. एकावेळी एकच चालवायचं, पाळीपाळीने. ब्रिजवरून जेमतेम एका माणसाची ये-जा. तीही मंजुरी आली तर. काल फॉर्म परत आला: ‘वजन’ हा रकाना रिकामा आहे.