रिंकची किल्ली कुणाकडे?

कोल्हापुरात स्केटिंग रिंक बांधायला पैसा मिळणार नाही, हे मला पटत नाही. पैसा मिळेल. आमदार निधी आहे, जिल्हा नियोजन समिती आहे, शिरोली आणि गोकुळ शिरगावातल्या कारखान्यांचा सीएसआर, म्हणजे नफ्यातून समाजकामासाठी द्यायचा पैसा, आहे. मला काळजी वाटते ती उद्घाटनानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्याची.

विषय निघाला तो असा. माझ्या माहेरच्या पेठेपासून जवळच एक मोकळी जागा आहे. तिथं उघड्यावर, सगळ्यांसाठी, रोलर स्केटिंगची रिंक व्हावी असं काही पालकांनी मनावर घेतलंय. आमच्या शाळेच्या ग्रुपवर सध्या त्यावरूनच वाद चाललाय. काहींना वाटतं, शहराला ही चैन परवडणारी नाही. काहींना छप्पर, गॅलरी, खाली गाळे असं सगळं पाहिजे आणि ते एखाद्या ठेकेदाराला वीस-तीस वर्षांच्या करारानं चालवायला द्यायचंय. पालक मात्र म्हणतात, नुसती गुळगुळीत फरशी आणि दिवे द्या, बाकी काही नको. मी पालकांच्या बाजूची आहे, पण माझी एक अट आहे.

आधी पहिल्या गटाबद्दल. त्यात माझा थोरला भाऊ आहे. फोनवर म्हणाला, “आधी रस्त्यावरचं खड्डं मुजवा म्हणावं. रिंक घिऊन काय करायचंय?” त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइनचं पाणी शहरात यायला 2023 ची दिवाळी उजाडली. इतकी वर्षं वाट बघितलेल्या माणसाला खेळाची जागा ही नंतरची गोष्ट वाटणारच. पण आपल्याच गावात हा हिशोब पूर्वी वेगळा मांडला गेलाय. राधानगरी धरणाचं काम हाती असतानाच शाहू महाराजांनी कुस्तीचं खासबाग मैदान उभं केलं, 1912 मध्ये ते पूर्ण झालं आणि 1915 मध्ये त्याला लागून पॅलेस थिएटर आलं. धरण पुरं व्हायला पुढे काही दशकं गेली. तोपर्यंत कुस्ती थांबवावी असं कुणाला वाटलं नाही.

शिवाय खड्ड्यांचा आणि स्केटिंगचा संबंध दादाला रोज पहाटे दिसतो. त्याची मुलगी, माझी सख्खी भाची, स्केटिंग शिकते. सकाळी साडेपाचला आठ-दहा पोरं रस्त्याच्या कडेनं एका रांगेत निघतात. मागून एक पालक मोपेडवर, दोन्ही इंडिकेटर लावून, सावकाश चालवत राहतो, म्हणजे मागून येणाऱ्या दुधाच्या टेम्पोला पोरं दिसावीत. चाकाखाली एखादा खडीचा दाणा आला की चाक जागच्या जागी थांबतं आणि पोरगी पुढं जाते. भाचीच्या गुडघ्याचं पॅड एका बाजूनं झिजून पांढरं झालंय. मी सुट्टीला आले होते तेव्हा ते हातात घेऊन बघितलं. दादा स्वतः त्या मोपेडवर असतो, तरी तो रिंकला चैन म्हणतो, याचं मला वाईट वाटतं.

मी राहते ते एडमंटन, कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतातलं शहर. इथं हिवाळा लांब आणि कडक. इथल्या वस्त्यांमधल्या उघड्या रिंका बर्फाच्या, आपल्याला पाहिजे ती काँक्रीटची, त्यामुळे बांधकामाची तुलना होत नाही. चालवण्याची होते. इथं प्रत्येक वस्तीची एक ‘कम्युनिटी लीग’ असते. पहिली लीग 1917 मध्ये निघाली, 1921 मध्ये त्या सगळ्यांचा महासंघ झाला आणि आज शहरात दीडशेच्या वर लीग आहेत. जमीन महापालिकेची असते. ती वापरण्याचा करार तिघांत होतो: महापालिका, महासंघ आणि त्या वस्तीची लीग. वर्गणी भरून कुणीही सभासद व्हायचं. रिंक लीग चालवते, खर्चाला महापालिका थोडं अनुदान देते.

चालवणं म्हणजे काय ते सांगते. आधी जमिनीवरचा भुसभुशीत बर्फ तुडवून घट्ट करायचा. मग रात्री उणे दहाच्या खाली थंडी असताना जाड पाइपनं पाण्याचा पातळ थर मारायचा. तो गोठला की दुसरा, मग तिसरा. घाई करून एकदम जास्त पाणी सोडलं तर वरचं कवच गोठतं, खाली पोकळी राहते आणि पहिल्याच पोराच्या स्केटखाली ते फुटतं. हे काम करणारी माणसं पगारी नसतात. आमच्या गल्लीतला एक निवृत्त शिक्षक आणि एक नर्स हे दोघं आळीपाळीनं करतात. शेजारच्या खोलीत हीटर, बाकं आणि जमिनीवर रबरी मॅट असते, म्हणजे स्केट घालून चालता येतं. खोलीची किल्ली कोणाकडे आहे ते अख्ख्या वस्तीला माहीत असतं. रिंकवर यायला पैसे पडत नाहीत.

इथलं सगळं घेण्यासारखं आहे असं मात्र नाही. लीगच्या उत्पन्नाचा मोठा भाग जुगारातून येतो. आल्बर्टात नियम असा की दर दीड-दोन वर्षांनी लीगच्या स्वयंसेवकांनी कॅसिनोत दोन दिवस काम करायचं आणि त्या बदल्यात उत्पन्नातला वाटा लीगला मिळतो. मुलांच्या खेळासाठी असा पैसा मला मनापासून पटलेला नाही. आणखी एक अडचण म्हणजे पाणी मारणारी माणसं म्हातारी होत चालली आहेत. जिथं पुढची फळी उभी राहिली नाही तिथं रिंकच्या लाकडी कडा तशाच उभ्या आहेत, आत बर्फ नाही. निसर्गाचाही भरवसा उरलेला नाही. ओटावात रिडो कालव्यावर 7.8 किलोमीटरची स्केटिंगची वाट 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपासून दर हिवाळ्यात उघडत आलीय. 2022-23 च्या हिवाळ्यात ती पहिल्यांदाच एकही दिवस उघडली नाही, कारण बर्फ पुरेसा जाड झालाच नाही.

आता आपल्या जागेकडे येते. ग्रुपवर एकानं आनंदकुमार वेलकुमारचा फोटो टाकला. चेन्नईच्या या मुलानं सप्टेंबर 2025 मध्ये चीनमध्ये जागतिक स्पर्धेत 1000 मीटर स्प्रिंटचं सुवर्ण जिंकलं. त्याआधी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत 3000 मीटर रिलेत भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांना कांस्य मिळालं होतं. त्यावरून मागणी आली की वळणाला उतार दिलेला 200 मीटरचा आंतरराष्ट्रीय ट्रॅकच करा. अभिमान मलाही आहे. पण तसा ट्रॅक पेठेत मावत नाही आणि पहिल्यांदा स्केट घालणाऱ्या सात वर्षांच्या पोराला उतारावर उभंही राहता येत नाही. ट्रॅकची जागा जिल्ह्याच्या क्रीडा संकुलात. पेठेला सपाट रिंक पुरते. रोलर हॉकीची प्रमाण रिंक 40 बाय 20 मीटर, म्हणजे 800 चौरस मीटर, आपल्या भाषेत आठ गुंठे. कडेनं चालायला, बसायला आणि स्वच्छतागृहाला धरून बारा गुंठ्यांत सगळं बसतं.

खाली ट्रिमिक्स काँक्रीट (जास्तीचं पाणी ओढून काढून घट्ट केलेलं), पाणी एका बाजूला जाईल इतकाच ढाळ आणि सांधे वरपर्यंत भरून सपाट केलेले, म्हणजे चाक अडकायला नको. छप्पर नको. छपरानं खर्च कितीतरी पटीनं वाढतो, आणि खर्च वाढला की गाळे येतात, गाळे आले की ठेकेदार येतो. पावसाळ्यात चार महिने रिंक बंद राहील, तर राहू दे. इथंही मार्चमध्ये बर्फ वितळला की स्केटिंग संपतं आणि कुणी तक्रार करत नाही. पण पाऊस उघडल्यावर फरशीवर जे हिरवं शेवाळ धरतं ते घासून काढायला माणूस लागतो. त्या माणसाचा पगार कुठल्याच अंदाजपत्रकात नसतो.

जागेबद्दलही घाई केली पाहिजे. महापालिका 1972 मध्ये झाली, तेव्हापासून हद्द वाढलेली नाही, त्यामुळे शहरात मोकळी जमीन मुळातच कमी. त्यात विकास आराखड्यातलं मैदानाचं आरक्षण कायमचं नसतं. 1966 च्या नगररचना कायद्याच्या कलम 127 प्रमाणे दहा वर्षांत जमीन ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. ग्रुपवर कुणीतरी पंचगंगेकडेची, पूररेषेतली जागा सुचवलीय. तिथं काँक्रीट ओतायला मी कधीच हो म्हणणार नाही. 2019 आणि 2021 चं पाणी आपण विसरायचं का?

ठेकेदाराला द्यायच्या योजनेबद्दल कोल्हापूरकरांना मी काय सांगायचं? खासगी कराराचे रस्ते आणि त्यावरचा टोल याविरुद्ध हे शहर एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारख्यांच्या मागे रस्त्यावर उतरलं आणि टोल घालवून दाखवला. त्याच शहरातल्या पोरांनी तासाला पैसे मोजून आपल्याच जमिनीवर खेळायचं, हे व्हायला नको.

मग चालवायची कुणी? तालमींनी. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ या तालमी-मंडळांच्या नावांवर फुटबॉलला शाहू स्टेडियम भरतं. पुरात याच मंडळांच्या पोरांनी लोकांना बाहेर काढलं, जेवणं पोचवली. वर्गणी गोळा करणं, हिशोब फलकावर लावणं, रात्री जागून काम करणं हे त्यांच्या अंगवळणी आहे. एडमंटनच्या लीगकडे जे आहे ते सगळं आपल्या पेठांकडे आधीपासून आहे. नाही तो फक्त लेखी करार.

तालमीच्या हातात गेली तर रिंक मुलग्यांची होईल, अशी भीती माझ्या एका मैत्रिणीनं बोलून दाखवली. ती भीती खरी आहे. मीही मुलगी म्हणून तालमीच्या दारातूनच आत बघत वाढले. म्हणून करारातच लिहून घ्यावं: चालवणाऱ्या समितीत निम्म्या बायका, त्यात स्केटिंग करणाऱ्या मुलांच्या आया, मुलींच्या वेळा ठरलेल्या आणि भिंतीवर रंगवलेल्या, मंडप, डॉल्बी आणि पार्किंगसाठी रिंक कुणालाही नाही. एडमंटनमध्ये रिंकच्या खोलीच्या दारावर लहान मुलांचा वेळ आणि हॉकीवाल्यांचा वेळ वेगवेगळा लावलेला असतो आणि दांडगी पोरंही तो पाळतात.

पैशाची माझी अट इथंच येते. आमदार निधी वर्षाला 5 कोटी असतो, पण तो मुख्यतः बांधकामाचा. 5 कोटींच्या वर निव्वळ नफा असलेल्या कंपनीला सरासरी नफ्याच्या 2 टक्के सीएसआर करावाच लागतो आणि खेळाचं प्रशिक्षण त्यात बसतं, पण 2021 पासून तो पैसा कायम ठेवीत टाकलेला चालत नाही. म्हणजे फरशी सरकार किंवा कारखाने देतील, ठेव मात्र आपणच उभी केली पाहिजे. 50 लाखांची ठेव 7 टक्क्यांनी वर्षाला साडेतीन लाख देते, महिन्याला 29 हजारांच्या आसपास. एक माणूस, दिव्यांचं बिल, दिवाळीआधीची घासणी यात भागते. ही ठेव बँकेत पडल्याशिवाय निविदा काढू नये, एवढं पालकांनी आतापासून धरून बसावं.

परदेशातल्या आपल्या माणसांना एक सांगायचंय, कारण ग्रुपवर बरेच जण “आम्ही पाठवतो” म्हणालेत. भारतीय पासपोर्ट असेल तर आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परकीय देणगी धरत नाहीत. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं असेल तर, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं) असलं तरी, तुम्ही परकीय स्रोत ठरता आणि एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी कायद्याखाली, नोंदणी नसलेल्या पेठेतल्या ट्रस्टला तुमच्याकडून पैसे घेता येत नाहीत. अशांनी रक्कम नातेवाइकाच्या नावानं फिरवू नये, अडचणीत मंडळ येईल. त्यांनी मसुदा तपासावा, इथले करार मराठीत उतरवून द्यावेत, तेही काम मोठं आहे.

माझा पासपोर्ट भारतीय आहे. समितीत आयांची नावं असलेला करार झाला आणि ठेवीचं खातं उघडलं की दादानं माझ्या नावाची पावती फाडावी, आकडा मी त्याला कळवलाय.