पारोशांसाठी पक्षप्रवेश

टब बरा की शॉवर, या वादात उतरायचं तुम्ही ठरवलंच असेल, तर सगळ्यात आधी अंगावरचा मळ हा विषय चर्चेतून बाद करा. मळ आला की साबण आला, साबण आला की घासणं आलं, आणि अंग घासावं यावर कुणाचंच दुमत नसल्यामुळे वाद जागच्या जागी मरतो. इतक्या चांगल्या वादाचं असं मातेरं करू नये. आणि हो, वाद आंघोळीच्या आधीच घाला. न्हाऊन आलेल्या माणसाला कोरडा टॉवेल सोडून कशातच रस नसतो. खरा कडवा असतो तो पारोसा.

आता पक्ष निवडा.

टबाचा पक्ष घेतलात तर घराणं आयतंच मिळेल. आर्किमिडीज टबात उतरला, पाणी काठावरून सांडलं, मुकुटातल्या भेसळीचं कोडं सुटलं आणि 'युरेका, युरेका' ओरडत तो होता तसाच घराकडे धावला, ही गोष्ट बिनदिक्कत सांगा. ती विट्रुव्हिअस नावाच्या रोमन वास्तुकाराने आर्किमिडीज गेल्यावर सुमारे दोनशे वर्षांनी लिहिली, ही भानगड सांगत बसायची गरज नाही. या अख्ख्या गोष्टीत आर्किमिडीजने अंग धुतल्याचा उल्लेख कुठेच नाही, हेही दाबून टाका. टबात बसलं की डोकं चालतं, एवढाच सूर लावा.

झां-पॉल मारा हे नाव मात्र चुकूनही घेऊ नका. फ्रेंच राज्यक्रांतीतला हा पुढारी कातडीच्या विकाराने इतका बेजार होता की लिहिणं, माणसांना भेटणं, सगळं टबात बसूनच करायचा. १३ जुलै १७९३ रोजी शार्लोट कोर्डे ही तरुणी अशीच भेटायला आली आणि येताना सुरा घेऊन आली. टबातून झटकन उठून पळता येत नाही, हा मुद्दा समोरच्याच्या हाती आपण होऊन का द्यावा?

टबवाल्यांची खरी पंचाईत पाण्याच्या रंगाची. भरताना पाणी कसं नितळ असतं, तळाचं बूच स्पष्ट दिसतं. वीस मिनिटांनी बूच दिसेनासं होतं. साबणाचं काम सरळ आहे: एका टोकाने तो तेलकट मळाला धरतो, दुसऱ्या टोकाने पाण्याला, आणि मळाला अंगावरून ओढून काढतो. मळ सुटतो, यात शंका नाही. पण सुटून जाणार कुठे? तोही तुमच्याशेजारी डुंबत बसतो. त्यात पाणी क्षाराचं, जड असलं तर त्यातलं कॅल्शियम आणि साबण मिळून एक चिकट साय धरते. ती साय सुटलेली कातडी, एखाददुसरा केस असं मिळेल ते गोळा करत पाण्यावर फिरते आणि टबाच्या भिंतीवर, बरोबर पाण्याच्या रेषेला, राखाडी पट्टा ओढते. आता टबातून उठायचं म्हणजे त्या सायीतूनच वर यायचं. बरं, शहाणपणा करून आधी बूच काढलंत आणि पाणी जाईपर्यंत बसून राहिलात, तर साय सावकाश खाली उतरते आणि वाटेत छाती, पोट, गुडघे असे मुक्काम करत जाते. मेहनतीने काढलेला माल असा घरपोच परत.

यावर उपाय एकच, फेस. टबात भरपूर फेस करा. फेसाखाली काय चाललंय ते कुणाला दिसत नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुम्हालाही दिसत नाही. तरी कुणी मार्कस ऑरेलियसचा दाखला काढलाच, तर घाबरू नका. या रोमन सम्राटाने आपल्या टिपणांत आंघोळीचा हिशेब मांडून ठेवला आहे: तेल, घाम, घाण, ओशट पाणी, सगळंच किळसवाणं. शांतपणे म्हणा, तक्रार केली खरी, पण शॉवर काही सुचवला नाही.

शॉवरचा पक्ष घ्यायचा असेल तर घराण्याच्या भानगडीत पडूच नका. १७६७ साली लंडनच्या विल्यम फीदम नावाच्या शेगड्या बनवणाऱ्या गृहस्थाने शॉवरचं पेटंट घेतलं. खालच्या भांड्यातलं पाणी हातपंपाने डोक्यावरच्या टाकीत चढवायचं, साखळी ओढायची, की सगळं डोक्यावर. मग तेच पाणी पुन्हा वर, पुन्हा डोक्यावर. टबवाला निदान आपल्या मळात स्वस्थ बसून असतो. फीदमसाहेबांचं गिऱ्हाईक तोच मळ पंप मारमारून डोक्यावर ओतून घेत होतं. पुढे १८७२ मध्ये फ्रान्समधल्या रूआँच्या तुरुंगातले डॉक्टर मेरी देलाबोस्त यांनी कैद्यांसाठी टबांऐवजी शॉवर बसवले, कारण पाणी कमी, वेळ कमी. त्याच सुमारास जर्मन शिपाईही बराकीत उभ्याने न्हाऊ लागले, आणि १८८३ च्या बर्लिनच्या आरोग्य प्रदर्शनात ऑस्कर लासार या त्वचारोगतज्ज्ञाने सार्वजनिक शॉवरघराचा नमुनाच मांडला. त्याची मागणी काय, तर दर जर्मन माणसाला आठवड्याला एक आंघोळ. थोडक्यात, तुमच्या निवांत, सुगंधी, दिवसभराचा शीण घालवणाऱ्या शॉवरचं बालपण तुरुंगात आणि बराकीत गेलं. तिथे 'चला, पुढचा!' म्हणणारा माणूस दारात उभा असायचा. तो माणूस लक्षात ठेवा, आपल्याला शेवटी लागणार आहे.

शॉवरवाल्यांचा हुकमाचा एक्का म्हणजे 'पाणी वाचतं'. तो टाकताना गुणाकार कुठे थांबवायचा ते आधी ठरवून ठेवा. अमेरिकेच्या १९९२ च्या कायद्याने नव्या शॉवरला मिनिटाला अडीच गॅलन, म्हणजे साधारण साडेनऊ लिटर, अशी मर्यादा घातली. त्या हिशेबाने पाच मिनिटांना सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस लिटर. इथेच थांबा! दहा मिनिटांना पंच्याण्णव होतात, आणि सोळाव्या मिनिटाला दीडशे ओलांडून तुम्ही एक चांगला ऐसपैस भरलेला टब गाठता. म्हणून न्हाणीघरात घड्याळ ठेवू नये. टबवाल्याने किती पाणी घेतलं ते त्याच्या डोळ्यांसमोर साचलेलं असतं, तुमचं मात्र जाळीतून कधीच निघून गेलेलं असतं. पुरावा मागे न राहणं हाच शॉवरचा मोठा गुण.

स्वच्छतेचं म्हणाल तर शॉवरचं पारडं जड आहे, कारण सुटलेला मळ वाहून जातो. फक्त तो आधी सुटायला हवा. माझ्या पाहण्यातला (म्हणजे स्वतःच्याच; दुसऱ्याच्या न्हाणीघरात डोकावण्याइतका अभ्यासू मी नाही) शॉवरवाला असा असतो: खांद्यावर साबण फिरवायचा, फेस पाठीवरून, मांड्यांवरून ओघळत पावलांपर्यंत जाताना बघायचा आणि पाय धुतले असं धरून चालायचं. वाकायचं नाव नाही. त्वचेचे डॉक्टर कानीकपाळी ओरडून सांगतात की साबण लागतो तो काखेत, जांघेत, पावलांना. पण या तीनही जागा अशा अडचणीच्या, की त्यापेक्षा छातीलाच तीनदा साबण लावलेला सोयीचा पडतो.

मागे एकदा धार तिरकी येते म्हणून मी शॉवर हेड फिरवून काढलं. भोकांवर पांढऱ्या क्षाराचे खडे, आणि आत एक काळपट, बुळबुळीत लेप. उत्सुकतेपोटी त्यावर बोट फिरवलं आणि मग बोटाला वेगळी आंघोळ घालावी लागली. कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये ४५ ठिकाणच्या शॉवर हेडमधला असला लेप तपासून सांगितलं की काही जंतू साध्या पाण्यापेक्षा तिथे कितीतरी दाटीने राहतात. धडधाकट माणसाला त्याने सहसा काही होत नाही. पण वादात ही माहिती टबवाल्याच्या हाती लागली तर तुमचं काही खरं नाही, तेव्हा ते हेड अधूनमधून घासा, आणि घर बरेच दिवस बंद राहिलं असेल तर आधी शॉवर नुसता सोडून ठेवा. (हा सल्ला चुकून खराच दिला गेला. क्षमस्व.)

राहता राहिला निवांतपणा. शॉवरमधला निवांतपणा नळापासून सुरू होतो. गरम थोडं जास्त, अरे बापरे, गार थोडं जास्त, बर्फ, आता केसभर डावीकडे. तो केसभर एकदाचा सापडला, तुम्ही डोळे मिटले, की घरात दुसरं कुणीतरी कुठला तरी नळ सोडतं. मग पाठ भाजते, छाती कुडकुडते, आणि त्याच क्षणी पडदा सरसावून पोटरीला चिकटतो. हा पडदा आतच का येतो, यावर मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या डेव्हिड श्मिट यांनी संगणकावर गणित मांडलं: पाण्याच्या फवाऱ्याने आत हवेचा भोवरा तयार होतो, त्याच्या मध्याशी दाब कमी, म्हणून पडदा ओढला जातो. त्यांना २००१ चं इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचारात पाडणाऱ्या संशोधनाला मिळणारं नोबेलचं विडंबन) मिळालं, आणि मिळालं तेही प्रश्नाच्या 'अंशतः' उत्तराबद्दल. उरलेल्या अंशाचं उत्तर सापडेपर्यंत पोटरीने कळ काढावी.

टबात हे काही नाही. गळ्यापर्यंत पाणी, वजन जणू पाण्यानेच उचललेलं, सांधे सुटल्यासारखे. फक्त पाण्याच्या दाबाने पायांतलं रक्त छातीकडे सरकतं, शरीराचा समज होतो की आपल्याकडे पाणी फार झालं, आणि मूत्रपिंडं जोमाने कामाला लागतात. अर्ध्या तासाच्या निवांतपणानंतर टबवाल्याच्या चेहऱ्यावर जे गहन भाव उमटतात, ते दर वेळी चिंतनाचे असतीलच असं नाही. पुढे तो काय निर्णय घेतो हे त्याला विचारू नये.

पुरावे लागतीलच, तर एच. एल. मेंकन यांचा आदर्श ठेवा. २८ डिसेंबर १९१७ रोजी या अमेरिकन पत्रकाराने वर्तमानपत्रात टबाचा इतिहास लिहिला: अमेरिकेतला पहिला टब १८४२ मध्ये सिनसिनाटीत आला, डॉक्टरांनी त्याला विरोध केला, मग राष्ट्राध्यक्ष फिलमोर यांनी व्हाइट हाउसमध्ये टब बसवला आणि लोकांची भीती गेली. सगळं धादांत खोटं, गंमत म्हणून लिहिलेलं. १९२६ मध्ये त्यांनी तसं जाहीर कबूलही केलं. कबुली पालथ्या घड्यावर गेली. तो इतिहास पुढेही वर्षानुवर्षं लोक छातीठोकपणे सांगत राहिले. तुम्हीही न्हाणीघराच्या बाबतीत आकडा आणि साल एका दमात सांगा, कुणी तपासायला येत नाही.

खरा पुरावा मात्र टाळा. २०१९ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी आधीचे पुष्कळ अभ्यास एकत्र करून पाहिले. निष्कर्ष असा, की ४० ते ४२.५ अंश सेल्सिअसच्या पाण्याने, झोपायच्या एक-दोन तास आधी, दहा मिनिटं जरी आंघोळ केली तरी झोप सरासरी दहाएक मिनिटं लवकर लागते. हातापायांकडे रक्त वळतं, आतली उष्णता बाहेर पडते, शरीर निवतं आणि डोळे मिटतात. टब की शॉवर? दोन्ही चालतं म्हणे. असल्या बिनबुडाच्या लोट्याला दोन्ही पक्षांनी मिळून वाळीत टाकावं.

त्याहून धोकादायक ती माणसं, जी आधी शॉवरखाली अंग घासून धुतात आणि मग स्वच्छ अंगाने टबात जाऊन बसतात. त्यांच्या टबाला पट्टा उमटत नाही, पाण्यावर साय धरत नाही आणि त्यांना कसलंही मत नसतं. अशांना वादाच्या जवळपास फिरकू देऊ नका, एका वाक्यात घोडं गंगेत न्हाऊन मोकळं करतील.

एवढी तयारी झाली की पक्ष कुठलाही असो, प्रत्यक्ष आंघोळीला जा. टॉवेल घ्या, वाचायला काही असेल तर घ्या, फोन बाहेर ठेवा. आत शिरल्यावर पहिलं काम नळ सोडण्याचं नाही, कडी लावण्याचं. ती नीट बसली का, ते ओढून बघा. मग पाणी भरा, पाणी कमी पडत असेल तर नुसता शॉवर सोडा, मनातून कंटाळा आला असेल तर काठावर बसून पाण्याचा आवाज ऐका. बाहेर सगळं सारखंच ऐकू जातं. दहा मिनिटं जातील, वीस जातील, बोटांच्या पेरांना सुरकुत्या पडतील. मग तो रूआँचा दारातला माणूस येईलच. तुमच्याकडे तो बहुधा घरातल्याच कुणाच्या तरी आवाजात बोलेल, दारावर दोनदा टकटक करून विचारेल, 'अजून किती वेळ? काय करताय काय आत?'

'आलोच, साबण लावतोय,' असं म्हणा, आणि पायाच्या अंगठ्याने गरम पाण्याचा नळ आणखी थोडा सोडा.