परदेशातून : बोर्डातल्या दोन रिकाम्या जागा

गेल्या गणपतीत दापोली तालुक्यातल्या आमच्या घरी ऐन आरतीच्या वेळी तीनदा लाइट गेली, आणि तिन्ही वेळा ती फक्त आमच्याच घरची गेली. मागच्या दोन खोल्यांत पर्यटकांसाठी बसवलेले एसी, न्हाणीघरातला गीझर, मखराची रोषणाई आणि स्वयंपाकघरातला मिक्सर हे सगळे एकदम चालू होते. मी पडवीतल्या डीबीचे, म्हणजे घरातली वीज वेगवेगळ्या सर्किटांना वाटणाऱ्या बोर्डाचे, झाकण उघडले. आठ जागांचा तो डबा. दुहेरी मेन स्विचला दोन जागा, विजेची गळती झाली की पुरवठा तोडणाऱ्या आरसीसीबीला दोन, आणि उरलेल्या चार जागांवर चार एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारे स्विच. त्यांतल्या तिसऱ्याच्या एकाच स्क्रूखाली तीन तारा कोंबल्या होत्या. एकीचे प्लास्टिक तपकिरी होऊन कडक पडले होते आणि खाऱ्या हवेने स्क्रूच्या कडेला हिरवट थर धरला होता. "तिथला 16 अँपिअरचा एमसीबी सारखा पडायचा, म्हणून 32 चा बसवून घेतला. आता तो पडत नाही, मेन पडतो," असे काकांनी सांगितले.

त्या वाक्याने मला रात्रभर झोप लागली नाही. एमसीबी असतो तो भिंतीतल्या तारेला जपण्यासाठी. दीड टनाचा एसी सात-आठ अँपिअर घेतो, 2000 वॅटचा गीझर जवळजवळ नऊ. दोन एसी आणि गीझर मिळून चोवीसच्या आसपास अँपिअर एकाच 2.5 चौरस मिलिमीटरच्या तारेतून जात होते. पाइपातून नेलेल्या अशा तारेला साधारण वीस-बावीस अँपिअर झेपतात. 16 चा एमसीबी पडत होता तो बरोबरच पडत होता. 32 च्या एमसीबीला मात्र ती तार तापलेली कळणारच नाही. वायरमनला दोष देऊन मी मोकळा होणार नाही. एसीसाठी वेगळी तार ओढली असती, तरी ती लावायला डब्यात जागाच नव्हती.

मी ओंटारिओत राहतो आणि घरांच्या वीजभाराचे हिशेब करणे हे माझे रोजचे काम आहे. कॅनडाच्या वीजसंहितेत घराचा भार क्षेत्रफळावरून सुरू होतो: पहिल्या 90 चौरस मीटरला 5000 वॅट, पुढच्या प्रत्येक 90 चौरस मीटरला किंवा त्याच्या भागाला 1000 वॅट, विजेच्या शेगडीला किमान 6000, आणि त्यावर बाकीची मोठी उपकरणे. बेरीज कितीही कमी आली, तरी तळघर सोडून 80 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या स्वतंत्र घराला 24,000 वॅट, म्हणजे 240 व्होल्टला 100 अँपिअर धरावेच लागतात. पण मला अधिक मोलाचा वाटतो तो नियम जागांचा आहे. 100 अँपिअरच्या घराला किमान 24 जागांचे बोर्ड लागते, आणि काम संपल्यावरही त्यात पुढच्या सर्किटांसाठी निदान दोन जागा मोकळ्या ठेवाव्या लागतात. तिथे शेगडी, कपडे वाळवण्याचे यंत्र, एसी आणि गाडीचा चार्जर प्रत्येकी दोन जागा खातात, त्यामुळे चोवीसमधल्या आठ तिथेच जातात. अँपिअर पुरेसे असूनही जागा संपलेली घरे मी नेहमी पाहतो.

हा आकडा जसाच्या तसा कोकणात आणा, असे मी म्हणणार नाही. जिथे स्वयंपाक गॅसवर होतो आणि घर तापवावे लागत नाही, तिथे 24,000 वॅट धरणे हा निव्वळ खर्च आहे. शिवाय कॅनडात बोर्ड बदलायचे तर हजारो डॉलर मोजावे लागतात, आणि भर पावसात रात्री नऊला बॅटरी घेऊन धावत येणारा वायरमन, जो आमच्याकडे त्या गणपतीत आला, तिथे मिळत नाही. परंतु शिल्लक जागेचा विचार काही परका नाही. प्रत्येक वितरण बोर्डावर त्याच क्षमतेचे निदान एक सर्किट शिल्लक ठेवावे, असे आपल्याही संहितेत आहे, आणि दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट व 800 वॅटपेक्षा जास्त भार नको, हेही आपल्याकडे लिहिलेले आहे.

गावाकडच्या चर्चा मी रोज फोनवर ऐकतो. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर कित्येक आठवडे अंधारात काढलेल्या आमच्या भागात भूमिगत केबलची मागणी होते, ती रास्तच आहे. स्मार्ट मीटर हवा की नको, यावर घराघरांत वाद आहेत. छतावरच्या सौर संचाला केंद्राच्या 2024 च्या योजनेत तीन किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान मिळते, म्हणून अर्ज भरले जात आहेत. पण या सगळ्या चर्चा मीटरपाशी येऊन थांबतात. सौर संचाची जोडणीही बोर्डातच जागा मागते, आणि होमस्टेसाठी चौथा एसी घेणाऱ्याला मंजूर भार वाढवून मिळाला तरी घरातला डबा आठ जागांचाच राहतो. आपल्याकडे गणपतीत आणि मे महिन्यात सगळे एकदम चालू होते. "सगळी उपकरणे एकाच वेळी कशाला चालतील" हे हिशेबातले गृहीतक नेमके तेव्हाच मोडते.

नव्या जोडणीसाठी परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल द्यावाच लागतो. त्यात एक ओळ वाढवावी, अशी माझी मागणी आहे: बोर्डात एकूण जागा किती, मोकळ्या किती. होमस्टेच्या नोंदणीतही हेच विचारावे. चिऱ्याची भिंत बांधून, गिलावा होऊन गेल्यावर डबा मोठा करायचा म्हणजे भिंत फोडणे आले. बांधतानाच आठऐवजी सोळा जागांचा डबा बसवला तर पडणारा फरक घराच्या खर्चात दिसतही नाही.

काकांनी दिवाळीच्या आधी तो डबा बदलून घेतला. दोन्ही एसींना आणि गीझरला 4 चौरस मिलिमीटरच्या स्वतंत्र तारा आणि प्रत्येकी 20 चा एमसीबी, विहिरीवरच्या पंपाला वेगळा. झाकणाच्या आतल्या बाजूला काकूने स्वतःच्या हाताने यादी लिहून चिकटवली आहे: ओटी व पडवी, स्वयंपाकघर, मागच्या खोल्या, न्हाणीघर, पंप. त्यांच्याखालच्या शेवटच्या दोन ओळींत तिने "रिकामी" असे लिहिले आहे.