'डुप्लिकेट कॉइल' या तक्रारीवर दुकानाचं उत्तर

नमस्कार,

तुमचा एक तारा आणि त्याखालचा मजकूर वाचला. तक्रार थोडक्यात अशी: 'चेक इंजिन'चा दिवा लागला, स्कॅनरवर पी ०३०३ कोड आला, म्हणून आमच्याकडून इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा पार्ट) नेऊन जुन्या गाडीला घरीच बसवली. काही दिवस गाडी बरी चालली, मग पुन्हा स्लोला (गाडी उभी, इंजिन चालू असताना) थरथरायला लागली. म्हणजे माल डुप्लिकेट, आणि वर आम्ही तो परत घेत नाही.

माल डुप्लिकेट नाही. बॉक्सवरचा आणि कॉइलवरचा पार्ट नंबर तुमच्यासमोरच जुळवला होता. परत न घेण्याचं कारण तेव्हाही सांगितलं होतं, पण तुम्ही रागात होतात, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

तुम्ही परत आणलेल्या नव्या कॉइलचं रबरी बूट (प्लगवर बसणारी रबराची नळी) ऑइलने माखलेलं होतं. सोबत जुनी कॉइलही होती, तिचं बूट तर फुगून लिबलिबीत झालं होतं. आणि त्या सिलिंडरचा प्लग तुम्ही दाखवलात, त्याच्या पांढऱ्या भागावर वरून खाली केसासारखी काळी रेघ होती. खरी गोष्ट त्या रेघेत आहे. अशा इंजिनात प्लग खोल नळीत बसतो. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं पॅकिंग आणि त्या नळ्यांची सीलं उष्णतेने कडक झाली की ऑइल हळूहळू नळीत उतरतं. त्यात बुडालेलं रबर खराब होतं, मग ठिणगी प्लगच्या टोकाला न पडता बाहेरूनच हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) धातूवर उडी मारते. तिच्या वाटेवर कार्बनची रेघ उमटते, आणि पुढच्या वेळी वीज तीच सोपी वाट धरते. पॅकिंग आणि प्लग तेच ठेवून नुसती कॉइल बदलली, तर नवीही त्याच रांगेत जाऊन बसणार.

आणखी एक. पी ०३०३ म्हणजे 'तीन नंबरचा सिलिंडर मिस करतोय', म्हणजे त्यात पेट्रोल नीट जळत नाही, एवढंच. 'कॉइल गेली' असं तो कोड म्हणत नाही. कॉइल तपासायला नवी विकत घ्यावी लागत नाही, हे दुकानदार असूनही सांगतो. इंजिन थंड, चावी बंद. तीन नंबरची कॉइल एक नंबरवर आणि एकची तीनवर टाका, कोड पुसा आणि गाडी चालवून बघा. आता पी ०३०१ आला तर दोष कॉइलबरोबर गेला. पी ०३०३च राहिला तर कॉइल निर्दोष. मग प्लगची अदलाबदल, आणि तिथेही काही हललं नाही तर इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा पार्ट) किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासा. चालू इंजिनवर कॉइल उपटून बघायचा प्रकार मात्र करू नका. हजारो व्होल्टचा मामला आहे.

तुमच्या गाडीला हे करण्याआधी नळीतलं ऑइल टिपून घ्या. प्लग आधी खोलला तर ते कचऱ्यासकट सिलिंडरमध्ये जाईल. नवा प्लग लावताना गॅप (ठिणगी पडते ते टोकांमधलं अंतर) गाडीच्या पुस्तकाप्रमाणे बघा. गॅप वाढला की कॉइलवरचा ताणही वाढतो.

तुम्ही असंही लिहिलंय की कुणीतरी व्हॅक्यूम पाइप फाटल्याचं, म्हणजे इंजिन तिथून जादा हवा ओढत असल्याचं सांगितलं. असू शकतं, पण तसं असेल तर सहसा स्लोला थरथर जास्त आणि रेस दिली की इंजिन सुधारतं, कारण आत जाणारी हवा वाढली की गळतीचा वाटा नगण्य होतो. तुमची गाडी चढावर, लोड आल्यावर जास्त झटके खाते असं तुम्हीच म्हणालात. मला तरी हे ठिणगीचंच लक्षण वाटतं.

बसवून झालेला इलेक्ट्रिकल पार्ट आम्ही परत घेत नाही, ही अट बिलावर छापलेली आहे आणि ती सगळ्यांना सारखी आहे. वॉरंटी वेगळी. पॅकिंग बदलून, नळी कोरडी करून, नव्या प्लगवरही अदलाबदलीत दोष याच कॉइलबरोबर फिरला, तर बिलासकट आणा. कंपनीकडे क्लेम आम्हीच पाठवू.

तोवर दिवा नुसता लागलेला नसून लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणाऱ्या पार्टमध्ये) जाऊन पेटतं, आणि तो पार्ट कॉइलपेक्षा कितीतरी महाग आहे.