बाबा, ते नाणं आहे, देवघरातलं नीरांजन नाही

बाबा सहा महिन्यांसाठी इकडे न्यू जर्सीला आलेत. गेल्या रविवारी मी ग्रोसरीला गेलो होतो, तेवढ्यात त्यांनी माझं १९२६ चं ओरेगॉन ट्रेलचं (बैलगाड्यांनी पश्चिमेकडे गेलेल्या लोकांच्या जुन्या वाटेच्या आठवणीचं) अर्ध्या डॉलरचं नाणं सोडा आणि अ‍ॅल्युमिनियम फॉइलच्या गरम पाण्यात बुडवलं आणि वर टूथपेस्टने घासून लख्ख करून ठेवलं. सरप्राइज म्हणून! "बघ, कसं काळवंडलं होतं, आता नवं दिसतंय." काय बोलणार. कारण फॅमिली ग्रुपवर आलेलं एक रील, 'अमेरिकेतली जुनी चांदीची नाणी घरात असतील तर हे करा, किंमत तिप्पट'. ते आमच्या आत्यानेही पुढे पाठवलंय आणि मावसभावानेही, म्हणून एकदाच इथे लिहितो, प्रत्येकाला वेगळं समजवायची ताकद नाही.

रीलवाला बोलतोय ती म्हणजे १८९२ ते १९५४ मध्ये अमेरिकेच्या टांकसाळीने प्रदर्शनं, शताब्दी वगैरेंसाठी काढलेली स्मारक नाणी. बहुतेक अर्ध्या डॉलरची, साडेबारा ग्रॅमची, ९० टक्के चांदी. तो सुरुवातच करतो की १८९३ चं कोलंबसवालं नाणं विवेकानंदांच्या शिकागोच्या भाषणाच्या सन्मानार्थ काढलं आणि म्हणून भारतीयांकडे असेल तर लाखो मिळतील. अरे बाबा! नाण्यावर कोलंबसचा चेहरा आहे, मागे त्याचं जहाज आहे, नाणं त्याच्या सफरीला ४०० वर्षं झाली म्हणून निघालं. पहिलं नाणं १८९२ च्या नोव्हेंबरमध्येच पाडलं होतं आणि ते रेमिंग्टन टाइपरायटरवाल्यांनी जाहिरातीसाठी १०,००० डॉलरला घेतलं होतं, विवेकानंद बोलले ११ सप्टेंबर १८९३ ला. दोघांचा संबंध एवढाच की शहर एक आणि निमित्त एकाच मेळ्याचं, शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाचं. आणि लाखो? ही नाणी पन्नास लाखांच्या आसपास पाडली, मेळ्यात एक डॉलरला विकायला ठेवली, सगळी खपली नाहीत म्हणून उरलेल्यातली भरपूर पन्नास सेंटला बाजारात सोडून दिली. लोकांनी ती देऊन किराणा आणला. झिजलेलं कोलंबस आजही इथे कुठल्याही दुकानात चांदीच्या भावाच्या आसपास मिळतं. १९२८ चं हवाईचं नाणं जेमतेम दहा हजार पाडलं, ते खरंच महाग आहे, पण त्याचं नावही रीलमध्ये नाही.

आता त्या सोडा-फॉइलच्या युक्तीकडे येतो. इथे मी जरा जास्त बोलणार कारण नुकसान इथे होतं.

रीलवाला म्हणतो जुन्या नाण्यावरचा रंग म्हणजे गंज. चांदीला गंज चढत नाही हो. हवेतला, कागदातला, पुठ्ठ्यातला गंधक चांदीला धरतो आणि वर सिल्व्हर सल्फाइडचा इतका पातळ थर बसतो की उजेड त्याच्या वरूनही परत येतो आणि खालूनही, आणि दोन्ही एकमेकांत मिसळून रंग दिसतात. पावसात पंपाबाहेरच्या रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर दिसतात ना, तसंच. थर वाढत जातो तसे रंग ठरलेल्या क्रमाने बदलतात, आधी सोनेरी, मग तांबूस-जांभळट, मग निळा, मग परत फिकट होऊन पिवळा, गुलाबी, हिरवा. ही नाणी १९३० च्या दशकात पोस्टाने पुठ्ठ्याच्या कार्डात यायची, मधे कागदाची पट्टी, आणि लोक ती कार्डं तशीच कपाटात टाकून विसरून गेले. म्हणून काहींवर मधे पट्टीची छाप आणि कडेने रंगांचं वर्तुळ असतं. माझ्या नाण्यावर मावळत्या सूर्याकडे निघालेली बैलगाडी आहे आणि त्या सूर्यावर नेमका केशरी-सोनेरी रंग चढला होता, कडेला निळा. कुणी ठरवून केलेलं नव्हतं. मी २४० डॉलर त्या सूर्याचेच दिले होते.

फॉइलची युक्ती केमिस्ट्रीच्या हिशोबाने खोटी नाही, हेही मान्य करतो. अ‍ॅल्युमिनियम गंधक ओढून घेतो, चांदी परत मिळते. दिवाळीआधी ताम्हण, वाट्या, नीरांजनं यांना जरूर करा, आई रांगोळीने घासायची त्यापेक्षा बरंच. पण नाण्याची चमक पॉलिशची नसते. साच्याचा दाब बसतो तेव्हा धातू बाहेर पसरतो, त्याच्या अतिबारीक रेषा उठतात आणि नाणं उजेडात फिरवलं की चाकाच्या आऱ्यांसारखा प्रकाश फिरतो, ती चमक. परत आलेली चांदी त्या रेषांवर खडबडीत, मेलेली बसते. आणि पेस्ट तर घासणारी पूडच आहे, तिने रेषाच जातात आणि केसासारखे ओरखडे येतात. आता माझं नाणं स्टीलच्या वाटीसारखं सगळीकडून सारखंच पांढरं दिसतं.

माझं ऐकू नका, पीसीजीएसचं ऐका, म्हणजे नाणी तपासून त्यांचा दर्जा ठरवणारी कंपनी, ज्यांच्या प्लॅस्टिकच्या डबीतल्या ग्रेडवर हा सगळा बाजार चालतो. त्यांच्या यादीत ९२ नंबरचा कोड आहे 'साफ केलेलं'. तो लागला की नाण्याला दर्जाचा नेहमीचा आकडा मिळत नाही. म्हणजे किंमत तिप्पट नाही, उलटी. डीलर लोक हलकं डिप करतात, म्हणजे साफ करणाऱ्या द्रावात क्षणभर बुडवतात, आणि ते पास होतं, हेही खरं आहे, पण ते काही सेकंदांचं काम आहे, टूथब्रशचं नाही.

रीलमधला एक मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, इच्छा नसताना म्हणतो: इंद्रधनुष्यासारखी नाणी नकली असतात. सगळी नाहीत, पण ओव्हनमध्ये भाजलेली, गंधकाच्या औषधात बुडवलेली भरपूर फिरतात. नकली रंग बहुतेक वेळा क्रम पाळत नाही, निळ्यावरून थेट नारिंगीवर उडी मारतो आणि ओरखड्याच्या आतही तेवढाच भरलेला असतो. खऱ्यात बऱ्याचदा अक्षरांच्या कडेला रंग जरा मागे सरकलेला दिसतो. त्यासाठीच पीसीजीएसचा ९१ नंबर आहे, 'शंकास्पद रंग'. म्हणजे 'ग्रेडिंगवाले काहीही पास करतात' हा त्याचा चौथा मुद्दाही इथेच संपला. आणि कोळशासारखं काळं पडलेलं नाणं कुणी जास्त पैसे देऊन घेत नाही, तेही मान्य, तिथे थराने खालचा पृष्ठभाग खाल्लेला असतो.

बाकी 'चुंबक लावून बघा' वगैरेवर वेळ घालवत नाही.

हे सगळं बाबांना काल रात्री जेवताना सांगितलं. त्यांना खरंच वाईट वाटलं, दोन घास कमीच खाल्ले. सकाळी मी उठलो तर नाणं झिपलॉक पिशवीत, सोबत सोललेलं उकडलेलं अंडं. "अरे, याच माणसाचा दुसरा भाग आहे," बाबा म्हणाले, "परत रंग आणायचा."