अमेरिकेतला जिवाणू आणि मामीचं शिळं ताक

सेलूच्या मामीला सोमवारपासून ताप. फोन केला तर म्हणाली, "दवाखान्यात कशाला? ताक घेऊ लागले की. अमेरिकेत सिद्ध झालंय, तुला नाई का आलं?" आलं होतं. आठवडाभर न वाचता पुसत होतो तोच व्हॉट्सअॅपचा मेसेज: 'जिवाणू विषाणूला खातात. डेंग्यूत अँटिबायोटिक नको, सलाइन नको. तीन दिवसांचं आंबट ताक उपाशीपोटी घ्या, चौथ्या दिवशी ताप गायब.'

अँटिबायोटिकचं खरं आहे. डेंग्यूच्या विषाणूवर ती चालत नाहीत. अमेरिकेचंही अगदीच हवेतलं नाही, हे कबूल करताना जीव जातो. २०११ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या फेनयोंग लिऊ यांच्या गटाचा शोधनिबंध तिथल्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकात आला. पण विषाणू डेंग्यूचा नव्हे, सायटोमेगॅलो. रुग्ण माणसं नव्हेत, उंदीर. आणि जिवाणू कोणता? साल्मोनेला! टायफॉइडवाल्याच्याच कुळातला. तो आधी दुबळा केला, त्यात रायबोझाइम नावाच्या, कातरीसारखं काम करणाऱ्या रेणूचं जनुक घातलं, मग उंदरांना पाजला. साल्मोनेलाला पेशीत घुसायची खोड असतेच. तो आत जनुक पोचवतो, त्यावरून पेशीत रायबोझाइम तयार होतं आणि ते विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याच्या जनुकांचा निरोप, कापतं. जिवाणू नुसता हमाल. मोंढ्यातला हमाल ज्वारीचं पोतं वाहतो, म्हणून त्याच्या भाकरी होत नाहीत.

दह्यातले लॅक्टोबॅसिलससारखे जिवाणू असलं काही वाहत नाहीत. उघड्या पातेल्यात तीन दिवस पडलेल्या ताकात आणखी काय वाढतं, ते मामीला आज पहाटे कळलं. चार उलट्या. डेंग्यूत सारखी उलटी ही धोक्याची खूण. आता ही उलटी ताकाची की डेंग्यूची, डॉक्टरनं कसं ओळखायचं?

सगळ्यात वाईट ते 'चौथ्या दिवशी ताप गायब'. डेंग्यूचा ताप बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसात आपोआप उतरतो, आणि खरा धोका नेमका तेव्हाच सुरू होतो. रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपतो, पोट दुखतं, हिरड्यांतून रक्त येतं, रक्तदाब कोसळू शकतो. त्या वेळी मोजूनमापून दिलेलं सलाइन जीव वाचवतं. आणि हा मेसेज माणसाला तेव्हाच घरी बसवतो, ताकाचा गुण आला म्हणून!

मामाला सांगून तिला परभणीला रक्त तपासायला धाडलंय. मेसेज तिनं भजनी मंडळातल्या बाराजणींना पाठवलाय. सातजणींना फोन झाले. एकीच्या नातवाला कालपासून ताप आहे.