तळलेलं लोणचं आणि खरं कंट्री

गुरुवारी रात्री पावणेनऊच्या सुमारास माझ्या हातातून पेन काढून घेण्यात आलं. हिसकावलं नाही. हिसकावलं असतं तर निदान भांडता आलं असतं. आमच्या टीमच्या बाईंनी ते दोन बोटांत धरून हळूच ओढलं, लहान पोराच्या हातातून कात्री काढून घेतात तसं, आणि वर माझ्या मनगटावर थोपटलं. आज रविवार उजाडला तरी ते थोपटणं काही माझ्या मनगटावरून उतरत नाही.

अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलपासून पाऊणएक तासावर मर्फ्रीसबरो आहे, तिथे मी सात वर्षं राहतो. ऑफिसातली मंडळी दर गुरुवारी एका बारमध्ये क्विझ खेळायला जातात आणि ‘तुला भूगोल येत असेल’ म्हणून मलाही नेतात. भूगोलाचा प्रश्न तीन महिन्यांत एकदाच आला. पण माझं अक्षर सुवाच्य, म्हणून चिठ्ठीवर उत्तर लिहायचं काम माझ्याकडे. मोबाइल उपडे ठेवायचे, माइकवरून प्रश्न येतो, मग एक गाणं लागतं, ते संपायच्या आत चिठ्ठी द्यायची. पहिल्या येणाऱ्या टेबलाला तळलेल्या लोणच्याचं ताट. लोणचं म्हणजे व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या काकडीच्या चकत्या, पिठात बुडवून तळलेल्या. सांगलीच्या माणसाला त्यात धड लोणचंही दिसत नाही आणि भजीही दिसत नाही, पण हात थांबत नाही हे खरं.

तर प्रश्न आला. भावांची जोडी. आधी पॉप गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत एक नंबर, मग तीन वर्षांनी कंट्रीच्या, म्हणजे अमेरिकेतल्या खेड्यापाड्याच्या ढंगाच्या गाण्यांच्या, यादीत एक नंबर. कोण?

मला उत्तर येत होतं. टेनेसीत, कंट्रीच्या माहेरी, कंट्री संगीतावर, मला! कॉलेजात तोंडी परीक्षेला सरांनी नेमका वाचलेला धडा विचारावा, तसं पोटात गुदगुल्या झाल्या.

याचं श्रेय कराडच्या होस्टेलवरच्या माझ्या रूममेटला. तो मडगावचा. त्याच्याकडे एक टू-इन-वन आणि सात कॅसेटी होत्या, त्यातल्या पाच कंट्रीच्या. सहावी त्याच्या मावशीच्या लग्नाची, सातवी कोरी. बेलामी ब्रदर्सची कॅसेट इतक्या वेळा गुंतायची की आमच्या खोलीत पेन्सिल लिहायला कधी लागलीच नाही, रीळ गुंडाळायलाच लागली. ‘लेट युअर लव्ह फ्लो’ हे गाणं मी चार वर्षं रोज सकाळी दाढीला ऐकलं, गणिताच्या पेपरच्या दिवशीसुद्धा. थोरला हॉवर्ड, धाकटा डेव्हिड, फ्लोरिडातल्या डार्बी नावाच्या खेड्यातले. 1976 च्या मे महिन्यात हे गाणं अमेरिकेच्या पॉप यादीत पहिलं आलं. कंट्रीच्या यादीत तेच गाणं एकविसाव्या नंबरावर बसलं. पाहुण्याला ओसरीवर पाणी द्यायचं, आत बोलवायचं नाही, त्यातला प्रकार. मग 1979 साली त्यांनी दुसरं गाणं काढलं, ग्राउचो मार्क्स या विनोदी नटाच्या एका चावट कोटीवरून. कोटी मराठीत आणायला गेलो तर ती वाटेतच मरते, म्हणून राहू दे. ते गाणं कंट्रीत पहिलं आलं. पुढे त्यांची अशी एकंदर दहा गाणी कंट्रीत पहिल्या नंबरावर गेली. हे सगळं मला मडगावकराने पाठ करून घेतलं होतं. थर्मोडायनॅमिक्स त्याने घेतलं असतं तर मी कुठच्या कुठे असतो.

“बेलामी ब्रदर्स,” मी कुजबुजलो आणि लिहिलं.

आता माझी कुजबूज हे वेगळं प्रकरण आहे. माजघरातून परसात ऐकू जाईल इतपत आवाजाला आमच्या घरी कुजबूज म्हणतात. शेजारच्या टेबलावरची टोपी वळली. आधी टोपी वळली, मग सावकाश तिच्याखालचा माणूस. पांढरीशुभ्र काउबॉय टोपी. पट्ट्याचं बक्कल डब्याच्या झाकणाएवढं. बूट असे की त्यांच्या तळव्याला शेण सोडा, पार्किंगमधली खडीही लागलेली नव्हती.

“बडी,” तो म्हणाला, “बेलामी पॉप नाहीत.”

“आधी पॉप होते,” मी म्हणालो.

“कधीच नव्हते. त्यांच्याकडे गुरं आहेत.”

या मुद्द्याची माझी तयारी नव्हती. “गुरं असली म्हणून गाणं कंट्री होतं?”

“गुरं असली की माणूस कंट्री. माणूस कंट्री असला की गाणं कंट्री.” त्याने हे ग्लासच्या कडेवर बोटाने टकटक करत सांगितलं, शाळेत प्रमेय सांगतात तसं.

“माझ्या काकांकडे दोन म्हशी आहेत,” मी म्हणालो. “ते धार काढताना सैगल म्हणतात.”

त्याने यावर खरोखर विचार केला. थट्टा म्हणून घेतलं असतं तर मला सोसलं असतं, पण टोपी मागे सरकवून तो विचार करत बसला. गाण्याचं पहिलं कडवं संपलं.

“म्हशी म्हणजे मोझरेलावाल्या?”

“जात तीच, पण...”

“मोझरेला इटालियन आहे,” तो म्हणाला. “इटालियन हे कंट्री नसतं.”

माझ्या काकांना इस्लामपूरपलीकडे राहून इटालियन ठरवलं गेलंय हे त्यांना कळवावं की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही. मी विचारलं, “तुम्ही ट्रॅक्टर चालवलाय?”

“नाही,” तो सरळ म्हणाला. माणूस खोटारडा नव्हता, हीच तर पंचाईत. “तू?”

“उसाची ट्रॉली जोडून. बांधापर्यंत. पुढे काका घ्यायचे.”

“ऊस,” तो म्हणाला, आणि पुन्हा विचारात पडला. “ऊस म्हणजे रम. रम म्हणजे समुद्रकिनारा.” म्हणजे मी तिथूनही बाद.

“तुम्ही इथलेच का?”

“न्यू जर्सी. मार्चमध्ये आलो.”

मी विजयी मुद्रेने आमच्या टेबलाकडे वळलो. तिथे वेगळंच चाललं होतं. टीमच्या बाई आणि दोन पोरं टोपीकडे बघत होती.

“त्याला माहीत असावं असं दिसतंय,” बाई म्हणाल्या.

“तो न्यू जर्सीचा आहे. मार्चमध्ये आलाय.”

“हो, पण त्याच्याकडे बघ ना.”

आणि पेन गेलं. बेलामींवर आडवी रेघ आली, वर एव्हर्ली ब्रदर्स लिहिलं गेलं. मी सांगत होतो की अहो, एव्हर्ली उलटे आहेत, 1957 साली त्यांचं पहिलं गाजलेलं गाणं कंट्रीतच पहिलं आणि पॉपमध्ये दुसरं होतं, तीन वर्षांचा हिशेब तिथे बसत नाही. ज्या पोराने एव्हर्ली सुचवले, त्याने त्यांचं एकही गाणं ऐकलेलं नव्हतं. मिनेसोटाचा तो. पण गोरा असल्यामुळे त्याच्या अंदाजालाही अनुभवाचं वजन येतं आणि माझ्या माहितीला अंदाजाचं. हे वाक्य विनोदी करायचा मी बराच प्रयत्न केला, जमलं नाही.

ही ‘खरं कंट्री’ची चौकी इथे जुनी आहे. 1974 साली पॉइंटर सिस्टर्स, ओकलंडच्या काळ्या बहिणी, ती ओलांडून नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या कंट्रीच्या मानाच्या रेडिओ कार्यक्रमात गायल्या आणि पुढच्या वर्षी कंट्रीच्या जोडी-किंवा-समूह गटाचं ग्रॅमी घेऊन गेल्या. त्याच 1975 साली कंट्री पुरस्कारांच्या रात्री चार्ली रिच या गायकाने वर्षाच्या सर्वोत्कृष्ट कलावंताचं पाकीट उघडलं, आत पॉपकडे झुकणाऱ्या जॉन डेन्व्हर या गायकाचं नाव निघालं, तर त्याने खिशातून लायटर काढून, टीव्हीवर सगळ्यांच्या देखत ते जाळलं. डेन्व्हर बिचारा ऑस्ट्रेलियातून सॅटेलाइटवर हसत आभार मानत होता. गंमत अशी की रिच स्वतः आधी रॉक अँड रोल, जॅझ असं सगळं फिरून कंट्रीत आलेला. चौकीवर नेहमी कालपरवा आत आलेलाच उभा असतो. बसमध्ये नाही का, शेवटी चढलेला माणूस दारात उभा राहून ओरडतो, आत जागा नाही.

आणि ज्या वाद्याने गाणं ‘खरं’ वाटतं ती स्टील गिटार हवाईहून आलेली, बॅन्जो आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचा. हे सगळं मी टोपीला सांगणार होतो. पण मग मला आमच्या गावचे बुवा आठवले. त्यांची पेटी मूळची युरोपातली, तिच्याशिवाय त्यांचं भजन सुरू होत नसे, आणि कुणी कॅसिओ आणला की ‘हे आपलं नव्हे’ म्हणून तेच देवळातून उठून जायचे. त्याच पेटीला 1940 साली ऑल इंडिया रेडिओने आपली नव्हे म्हणून बाहेर काढलं होतं, ते तीसेक वर्षं. तेव्हा मी गप्प बसलो. तसंही गाणं संपलं होतं आणि चिठ्ठी गेली होती.

उत्तर जाहीर झालं. बेलामी ब्रदर्स. बाई म्हणाल्या, “अरे! तू अजून जोर द्यायला हवा होतास.” म्हणजे पेन माझ्याकडून काढून घेतलं, आणि जोर मी लावला नाही.

शेवटचा प्रश्न आला. माइकवरून “ताज महाल” एवढे शब्द आले मात्र, चिठ्ठी आणि पेन एकदमच माझ्यासमोर येऊन पडलं. तिघांच्याही चेहऱ्यावर मोठा दिलदारपणा. प्रश्न पुढे चालूच होता: ताज महाल या नावाने गाणाऱ्या ब्लूज गायकाचा जन्म कुठल्या शहरातला? असा गायक असतो हेच मला तेव्हा कळलं. मी म्हणालो, मला येत नाही. “घाई नको, आठव,” बाई म्हणाल्या. मिनेसोटावाल्याने मला पाणी ओतून दिलं. गाणं संपेपर्यंत तिघं माझ्याकडे अशा आशेने बघत होते, जणू मी त्या गायकाच्या बारशाला जेवून आलोय. मी शिकागो लिहिलं. उत्तर न्यूयॉर्क होतं. मग टेबलावर जी शांतता पसरली, तिच्यात माझ्याबद्दल स्वच्छ निराशा होती.

ताट शेजारच्या टेबलाने जिंकलं. एका गुणाने. मी त्यांच्या चिठ्ठ्या तिरक्या नजरेने पाहिल्या तर त्या प्रश्नाच्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत बेलामी ब्रदर्स.

तेलाचे हात पुसत टोपीवाला आमच्याकडे आला. “बडी, बरोबर होतास तू.”

“मग तुम्ही नाही कशाला म्हणालात?”

“मी म्हणालो ते पॉप नाहीत,” तो म्हणाला. “ते माझं मत अजून आहे. पण उत्तर तेच होतं ना.”

या माणसाशी वाद घालायला मडगावकरच हवा होता. टोपीवाल्याने आपलं ताट आमच्या टेबलावर सरकवलं, टोपीला बोट लावलं आणि गेला. ताटात तीन तुकडे उरले होते. आम्ही चौघं.

मी दोन उचलले.